चारही चाकं वर

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या कार-डीलरने मला फसवलं. इलेक्ट्रिक कार मोटरहोममागे, म्हणजे तुमच्या चाकांवरच्या घरामागे, खुशाल तिच्याच चाकांवर ओढत न्या, जाता जाता चार्जही होईल, असं तो म्हणाला. मी घासाघीस करून कार ओढायचा दांडा, टो-बार, फुकट पदरात पाडला आणि स्वतःवरच खूश झालो.

वेल्समधल्या कॅम्पसाइटवर पोचेपर्यंत कारची मोटर जळाली होती. मी फोनवर डीलरला मराठीतून शिव्या घालत होतो, तेव्हा शेजारच्या मोटरहोममधून गळ्यातल्या दोरीला चष्मा अडकवलेल्या एक मराठी आजी आल्या.

"अहो, घसा कशाला फोडताय? आधी गाडीचं पुस्तक काढा."

पुस्तक अजून प्लास्टिकमध्येच होतं. नव्या वस्तूचं वेष्टण काढायचं नाही, ही आमच्या घरची खोड. आजींनी प्लास्टिक दातांनी फाडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं : चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये.

त्यांची कार ट्रेलरवर होती, चारही चाकं वर. तिच्याच बॅटरीवर त्यांची किटली उकळत होती.

"विकणारा विकून मोकळा होतो," मला चहा देत त्या म्हणाल्या. "ओढायचं आपल्याला असतं."

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. पुस्तक मी उघडलं नाही, ही चूक माझी. पण सोमवारी तेच पान डीलरच्या टेबलावर ठेवून त्याला विचारणार आहे : हे माहीत असून 'खुशाल ओढा' म्हणालात, की माहीत नसताना? उत्तर मिळेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही.