न बुजवलेली भोकं

मंडळी, आज बाबांनी चक्क दुसऱ्या गवंड्याचं कौतुक केलं!

बाबा राजापूरचे गवंडी. जन्मभर चिरे रचले. सध्या महिनाभर आमच्याकडे कतारला आलेत. वेस्ट बे भागातले काचेचे टॉवर दाखवले, तर म्हणाले, "काचेत कसलं आलंय कसब?"

आज सकाळी उम्म सलाल मोहम्मदजवळ एका शेतावर गेलो. तिथे कबुतरांसाठी बांधलेला जुना दगडी बुरूज आहे. मी काही सांगायच्या आतच बाबा तापले. "काम टाकून पळालेला दिसतोय! परांचीची लाकडं भिंतीतच, भोकंही बुजवली नाहीत."

तेवढ्यात एक कबुतर त्यातल्याच एका लाकडावर उतरलं आणि शेजारच्या भोकात शिरलं. आतून पिल्लांचा आवाज आला.

बाबांनी बुरुजाभोवती पूर्ण फेरी मारली, दगडांवरून हात फिरवला. "माझ्यापेक्षा शहाणा होता," म्हणाले.

गाडीत बसल्याबसल्या त्यांनी गावच्या गवंड्याला फोन लावला. तिथे आमच्या नव्या घराचं काम चालू आहे. "मागच्या भिंतीतली परांचीची भोकं बुजवू नकोस रे. साळुंक्या येतील."

त्याच भिंतीत एसीसाठी एक भोक ठेवा म्हणून मी दोन महिने बाबांच्या मागे लागलोय. नाही म्हणजे नाही!

आता तुम्हीच सांगा, मी काय साळुंकी होऊन जाऊ?