जिभेला घडी असलेला रोल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि वाचताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला दिसणार नाही.

आधी घरचं सांगतो. आमच्या घरात माणसं होती, फोटो नव्हते. मी चौथीत असताना वडील गेले. आई लोकांच्या रानात कापूस वेचायची, खुरपायला जायची. वडिलांचा फोटो एकच होता. कुणाच्या तरी लग्नातली पंगत, मागच्या रांगेत ते, आणि अर्धा चेहरा वाढप्याच्या बादलीआड. आईने तेवढाच तुकडा सेलूहून मोठा करून आणला. त्यात वडील आलेच नाहीत, नुसते दाणे दाणे आले. त्या दाण्यांना हार घालून आम्ही वर्षश्राद्ध केलं. मी मात्र शिकलो. देवगाव फाट्यापर्यंत सायकल आणि पुढे एसटी, असं करत बी.ए. झालो, बी.एड. झालो, शाळेवर लागलो. आमच्या भावकीत पदवीचा कागद आणणारा पहिला मी. हे मी ताठ मानेनं सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं पुढे आहे.

पण एवढं लक्षात ठेवा — फोटो नसलेलं घर कसं असतं, हे मला ठाऊक होतं.

नोकरी लागल्यावर मला कॅमेऱ्याचा नाद लागला. मोबाईलचा नाही, रोलच्या कॅमेऱ्याचा. त्यातही मुदत संपलेल्या रंगीत रोलचा. कंपनीने बनवणं बंद केलेले, कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं पडलेले रोल. त्यांच्यात आभाळ जांभळं येतं, माणसं हिरवट येतात, कडेने धुकं चढतं. काय येईल ते आधी कळत नाही, आणि मला तेच आवडायचं. पुण्या-मुंबईची पोरं असे रोल शोधत फिरतात. मला ते सेलूतच मिळाले, उस्मानचाचांच्या स्टुडिओत.

चाचा दुकान आवरत होते. जागा मोबाईलवाल्याला द्यायची ठरली होती. त्यांनी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. आत वीसेक रोल. प्रत्येक डबीतून फिल्मची बोटभर पट्टी बाहेर आलेली. तिला जीभ म्हणतात. चाचांनी एक रोल उचलून मला दाखवला. जिभेच्या कोपऱ्याला घडी घातलेली होती आणि बॉलपेनने चौदाचा आकडा लिहिलेला होता.

"सरजी, सगळे कोरे न्हाईत बरं का. घडी हाय त्यो अर्धा मारलेला. त्याच्यात लोकं हायत. आधी त्याला धुवून घ्या, त्याच्यावर मारू नका."

तेव्हा लहान स्टुडिओत तशीच रीत होती. चार फोटो कुणाच्या बारशाचे, दोन कुणाच्या फॉर्मचे. मध्येच रोल बदलायचा झाला तर जीभ बाहेर ठेवून गुंडाळायचा, घडी घालायची, किती फोटो मारले तो आकडा लिहायचा. रोल संपल्याशिवाय धुवायचा नाही. मग चाचांकडे डिजिटल कॅमेरा आला, रोल धुणारी लॅब बंद पडली, आणि घडीचे रोल घडीतच राहिले.

मी चाचांना हो म्हटलं. अगदी स्पष्ट हो म्हटलं. आणि घरी येऊन तोच रोल कॅमेऱ्यात घातला. चुकून? नाही. एका फोटोवर दुसरा फोटो चढला की भुतासारखं काहीतरी सुंदर येतं, हे मी वाचलं होतं. त्याच्यात लोकं आहेत हे माहीत असताना — माहीत होतं म्हणूनच — मी पहिल्या आकड्यापासून त्यांच्यावर फोटो मारत गेलो.

चारठाण्याला गेलो होतो, जुन्या देवळांकडे. दुपारची वेळ, माणूस नाही. खांब काढले, कोरीवकाम काढलं. एका देवळाच्या गाभाऱ्यात मिट्ट काळोख होता. काही येणार नाही हे माहीत असून तिथेही एकदा बटण दाबलं. आत कुणी आहे असं तेव्हा मला अजिबात वाटलं नाही. आज मला त्याचीच जास्त भीती वाटते.

रोल कुरिअरने पुण्याला धाडला. आठवड्याने फोटो मोबाईलवर आले. मधली सुट्टी होती, शिक्षकांच्या खोलीत डबे उघडलेले होते. मी एकेक फोटो सरकवत होतो. बारशाचा पाळणा आणि त्यातून उगवलेला खांब. कुणाचा तरी शाळेचा गणवेश, दगडाचा. मग एका खांबावर — बाईचा चेहरा. कपाळभर मळवट भरलेला, डोळे मिटलेले, शांत. दगडाची नक्षी तिच्या गालावरून गेलेली. सगळं जांभळट.

पुढचा फोटो गाभाऱ्याचा. त्या काळोखाचं फिल्मवर काहीच उमटलं नव्हतं. त्यामुळे खालचं जसंच्या तसं वर आलं होतं. तीच बाई, भिंतीला टेकून बसवलेली. हिरवं लुगडं. नाकात कापूस. कडेने एक पुरुषाचा हात आलेला, तिची हनुवटी वर धरणारा. आणि मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ. बाळाचे डोळे टक्क उघडे. मी गाभाऱ्यात जिथे उभा होतो, नेमकं तिथे बघणारे.

मळवट कुणाला भरतात, सांगायला नको. देवीला भरतात. आणि सवाष्ण गेली तर तिला भरतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला कळायला किती वेळ लागला असेल? घास तोंडात होता, तो गिळायच्या आत कळलं.

मी काय केलं? खांबावरच्या चेहऱ्याचा फोटो परभणीच्या प्रदर्शनात पाठवला. नाव दिलं 'आदिमाया'. गाभाऱ्यातला कुणालाच दाखवला नाही. तो दिसला असता तर चेहरा माझ्या कलेतला नाही हे कुणालाही कळलं असतं. ती निगेटिव्ह मी पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाईलीत ठेवली.

'आदिमाया'ला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, दगडातून देवी उमटली आहे. लोक चपला काढून फोटोपुढे उभे राहिले. पेपरात छापून आला. शाळेत सत्कार झाला, तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "देवीनं तुमाला दर्शन दिलं सर, आमाला नुस्ती इलेक्शन ड्युटी." सगळे हसले, मीही हसलो. मोठी प्रत घरी बैठकीत लावली. आई रोज अंघोळ झाली की त्या काचेला हळदीकुंकू लावायची. एकदा बोट तसंच काचेवर ठेवून म्हणाली, "ही बाई झोपलीय का रं?" मी म्हटलं, ध्यान लावून बसलीय.

मग एका रविवारी सकाळी ते दोघं आले. कापसाच्या जिनिंगवर हमाली करणारे मारोतीकाका आणि त्यांची मुलगी सारिका. काकांच्या हातात पेपरचं कात्रण होतं, घडीवर फाटलेलं. ते त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं.

"सर, ह्यो फोटो तुमी काढला का? ही आमची कमल हाय."

त्यांनी सगळं सांगितलं. बाळंतपणानंतर चार महिन्यांनी तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता, लग्नातलासुद्धा. न्यायच्या आधी उस्मानचाचांना बोलावलं. तिला भिंतीला टेकवली, काकांनीच हनुवटी धरली, आणि पोरीला मांडीवर दिली — मोठी झाल्यावर तिला दाखवायला. चाचा म्हणाले होते, रोल संपला की देतो. काका प्रत्येक बाजारच्या दिवशी विचारायला जायचे. रोल संपला नव्हता. मग रोल सापडत नव्हता.

"डोळ्याला काचबिंदू हाय. डॉक्टर म्हणतेत, हाय तवर बघून घ्या. म्हनून आलाव."

त्या वेळी निगेटिव्ह शेजारच्या खोलीत होती. दहा पावलांवर. काय कठीण होतं? उठायचं होतं फक्त.

मी म्हणालो, "काका, ती देवी आहे. दगडाची मूर्ती, चारठाण्याच्या देवळातली."

"मूर्तीचे डोळे झाकलेले आसतेत का, सर?"

"जुन्या मूर्त्यांचे असतात."

त्यांनी कात्रणाची घडी घातली. "तुमी शिकलेले. तुमी म्हनता तर आसंल."

भिंतीवरच्या फोटोच्या काचेला आईचं त्या सकाळचं ओलं कुंकू होतं. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? सारिका उठून त्या फोटोपुढे उभी राहिली. काचेत तिचा चेहरा उमटला आणि आतल्या चेहऱ्यावर तंतोतंत बसला. तीच हनुवटी. मी ते बघितलं. तिने बघितलं का, मला माहीत नाही. मी म्हटलं, चहा घ्या. त्यांनी चहा घेतला. निघताना काकांनी फोटोला हात जोडले — देवी म्हणून.

त्यानंतर मी किती थांबलो? दोन वर्षांपेक्षा थोडं कमी. रोज वाटायचं, उद्या. मधे उस्मानचाचा वारले, मी मातीला गेलो, तेव्हाही वाटलं. कॅमेऱ्यात रोल घालायला घेतला की आधी जिभेवरून बोट फिरवायचो, आणि घडी नसली तरी बोटाला लागायची. शेवटी घालणंच सोडलं.

मग एक दिवस बाजारात काका दिसले. सारिकाने त्यांचा हात धरला होता. ती सांगायची, आबा, दगड हाय, आणि ते पाय उचलायचे.

मी गाभाऱ्यातल्या फोटोची चांगली प्रत काढून घेतली आणि त्यांच्या घरी गेलो. जाताना खरं बोलायचं ठरवलं होतं. दारात पोचेपर्यंत दुसरंच तयार झालं. म्हणालो, चाचांच्या जुन्या सामानात सापडला. मेलेल्या माणसाच्या नावावर खपवलं.

"चाचानं सबुद पाळला म्हना," काका म्हणाले. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला, त्याच्यावरून अंगठा फिरवला. तो गुळगुळीत होता. त्यांनी उलटा करून पाठीवरूनही फिरवला.

"सारे, माजा हात आलाय का त्याच्यात?"

"आलाय आबा."

"तू?"

"मांडीवर हाय. लय बारकी."

त्यांनी फोटो पुन्हा सुलटा केला. मग विचारलं, "आन् ती कशी दिसायलीय?"

सारिका फोटोकडे बघत होती. कापूस, मिटलेले डोळे, सगळं बघत होती. मग म्हणाली, "माज्यावानी."

काका हसले. मला म्हणाले, "बसा की सर." सारिकाने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. ती दोघं मला चांगला माणूस समजतात. सणावाराला अजून फोन करतात, आणि मी तो घेतो.

बक्षीस माझ्याकडेच आहे. फोटो त्यांच्या घरी पोचला. मारोतीकाकांनी तो पाहिलेला नाही.