थुनेरचं झाड आणि माझा मेहुणा

माझी मुलगी शाळेत धनुर्विद्या शिकायची. तिचं बांबूचं धनुष्य बिघडलं की मी घरीच दुरुस्त करायचो. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात माग दुरुस्त करण्यातच माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे मोडलेली वस्तू टाकून देणं मला जमत नाही. पुढे मुलगी लग्न होऊन गेली, धनुष्यं राहिली. निवृत्तीनंतर मी नवी करायला लागलो. बायकोनं विचारलं, "सोलापुरात बाण मारायचेत कुणाला?" कुणालाच नव्हते.

मग कुठंसं वाचलं की यू नावाच्या झाडाचं धनुष्य सगळ्यात चांगलं. हे झाड हिमालयातही वाढतं, तिकडं त्याला थुनेर म्हणतात. मी लाकडाच्या वखारीत जाऊन विचारलं. वखारवाल्या चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सागवान दाखवलं.

माझा मेहुणा ट्रक चालवतो. तो चादरी घेऊन उत्तराखंडकडे निघाला तेव्हा मी म्हणालो, "तिकडं थुनेरचं पडलेलं, वाळलेलं लाकूड रीतसर मिळतं का, बघ." पडलेलं, हे मी पुन्हा एकदा सांगितलं.

आठवड्याभरात त्याचा फोन आला.

"दाजी, झाड घावलं."

"पडलेलं?"

"न्हाय, उभं हाय. पर हितला एक जण गुपचूप पाडून देतो म्हणतोय. माझ्या मांडीएवढं हाय."

"किती जुनं असेल?"

तिकडं थोडं बोलणं झालं. "त्याचा आजा ल्हान व्हता तवाबी जवळजवळ एवढंच व्हतं म्हणं. लई हळू वाढतंय."

एवढ्या खोडात दोन धनुष्यं आरामात निघतील, हे माझ्या मनात आधी आलं. नंतर आठवलं की औषधासाठी साल सोलून सोलून ही झाडं आधीच कमी झालीत, आणि तोडायला बंदी आहे. शिवाय माझी धनुष्यं शेवटी खिळ्याला टांगलेली असतात.

"नको," मी म्हणालो. "राहू दे."

"मी शब्द दिलाय की त्याला."

"म्हातारा फिरला म्हणून सांग."

"तुमी न्हाय घेतलं तर त्यो दुसऱ्याला देईल."

"देईल," मी म्हणालो. "पण आपल्यासाठी नको."

परत आल्यावर तो आमच्याकडे जेवायला आला आणि जेवणभर फक्त बहिणीशी बोलला. हात धुताना मला म्हणाला, "सांगितलं त्याला. त्यो बरं म्हणाला. मग आमी तितंच च्या प्यालो." त्या झाडाचं पुढं काय झालं, ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही.

मी रोज टांगलेली धनुष्यंच काढून पुसायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "आमच्या माहेरच्या बांधावर बांबूचं बेट आहे की. त्याला काय झालंय?"

काही झालं नव्हतं. मी आणि मेहुणा गेलो. कोवळे कोंब राखून जून काठ्या तेवढ्या काढल्या. त्या खाटेखाली बरेच महिने वाळल्या, आणि खाटेखाली झाडायला मिळेना तरी बायकोनं सहन करायचं तेवढं केलं. धनुष्य झालं ते जरा डावीकडं मारतं. मेहुण्यानं गच्चीवर चिंध्यांच्या पोत्यावर बाण सोडला, तो पोत्याच्या कडेला घुसला.

"चालतंय की," तो म्हणाला, आणि विचारल्याशिवाय धनुष्य घेऊन गेला.

आता ते त्याच्या ट्रकच्या केबिनमध्ये टांगलेलं असतं. नाक्यावर पोलीस विचारतात, हे काय आहे. तो सांगतो, बांबू. ते त्यांना पटतं.