खंडेनवमीचा पाट आणि सोल्डरिंग आयर्न

माझ्या नवऱ्याने बुधवार पेठेत दुसऱ्याच्या दुकानात जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. मालक पुढे गल्ल्यावर, हे मागच्या फळीवर. शाळा सुटली की मुलगा तिथेच जाऊन बसायचा. तार कुठे जोडायची, डाग किती द्यायचा, हे त्याला यांनी हात धरून शिकवलं. चुकला की म्हणायचे, "तुझा हात भाजला तर चालेल, गिऱ्हाइकाचा सेट भाजता कामा नये."

मुलगा इंजिनिअर झाला. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि ज्याला त्याला अमेरिकेला जायचं होतं. हाही गेला. काही वर्षं नोकरी केली, मग स्वतःची कंपनी काढली. ती बुडाली. दुसरी काढली, ती चालली. परक्या देशात धंदा करणं सोपं नसतं, असं तो सांगायचा. नसेलही. यंत्रांच्या आतले बोर्ड बनवायचा. फोनवर यांना म्हणायचा, "बाबा, तुमचंच काम करतोय, फक्त बारीक." त्या दिवशी हे दोन पोळ्या जास्त खायचे.

मग त्याने इथे पुण्यात, खराडीत ऑफिस उघडायचं ठरवलं. मुहूर्त खंडेनवमीचा, हत्यारांच्या पूजेचा दिवस. यांचं काम कधीच सुटलं होतं, पण दर खंडेनवमीला त्यांचं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आमच्या पाटावर असायचंच. त्या सकाळी त्यांनी ते पुसून पंच्यात गुंडाळलं.

"अहो, तिथे कशाला नेताय?"

"पोरगा यावरच शिकला. आज तोच सांगेल सगळ्यांना."

इस्त्रीचा सदरा मागून घेतला होता. चार लोकांत मुलाने एकदा म्हणावं, मला बापाने शिकवलं. एवढंच हवं होतं त्यांना.

ऑफिसात पाटावर हार घातलेले लॅपटॉप मांडले होते. यांनी आयर्न शेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. ऑफिसातली एक मुलगी लगबगीने आली.

"आजोबा, हे प्लीज बाजूला घेता का? फोटोत येतंय."

यांनी ते उचलून मांडीवर घेतलं. हळदकुंकू सदऱ्याला लागलं.

मुलगा बोलायला उभा राहिला. "मी साध्या घरातून आलो. माझे वडील छोटे व्यापारी होते. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्समधलं कोणालाच काही कळत नव्हतं. जे शिकलो ते तिकडे, एकट्याने."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या.

व्यापारी हा शब्द माझा. मुलाच्या लग्नाच्या वेळी स्थळांना द्यायचा कागद मी लिहिला होता. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर चांगलं होतं. वडिलांचा व्यवसाय, व्यापार. दुरुस्तीवाल्याच्या घरात चांगली मुलगी कोण देणार होतं? मुलाला बजावलंही होतं, सासरच्यांपुढे दुकानातलं काही काढायचं नाही. ते सासरचे आता पहिल्या रांगेत बसले होते. तेवढ्या बाबतीत मुलगा आईच्या शब्दाबाहेर गेला नाही.

परतताना कंपनीची गाडी दिली होती. नदीवरचा पूल आला तेव्हा यांनी विचारलं,

"मी कसला व्यापार करत होतो गं?"

मी त्यांच्या सदऱ्यावरचं हळदकुंकू झटकू लागले.

"वाचला होता तो कागद मी," ते म्हणाले. "तेव्हाच फाडायला हवा होता."

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी आयर्न काढलं नाही. त्यानंतर वर्षभरात गेले. कोणी विचारलं तर मी हृदयविकार सांगते, आणि तो होताच.

मागच्या महिन्यात मुलाचा फोन आला.

"आई, बाबांचं ते सोल्डरिंग आयर्न आहे ना गं? ऑफिसच्या दाराशी काचेच्या कपाटात ठेवायचंय. हल्ली लोकांना अशा गोष्टी आवडतात."

"कोपऱ्यावरच्या मिक्सर दुरुस्तीवाल्याला दिलं."

"दिलंस? अगं, बाबांची आठवण होती ती."

"त्याचं बिघडलं होतं. त्याला रोज लागतं."

"मग परत माग ना. मी त्याला चांगलं नवीन घेऊन देतो."

"तू येऊन माग," मी म्हटलं. "आणि कशासाठी हवंय, ते त्याला तुझ्या तोंडाने सांग. तुझा बाप काय करायचा, तेही सांग. मी शेजारी उभी राहीन."

कामात आहे म्हणाला. मिक्सरवाल्याचं चांगलं चाललंय.