एका वेलीचा फोन

सावळीराम दुपारचा झोपला की इंदिरानगरातल्या त्या रो-हाऊसमध्ये कुकरसुद्धा लागत नसे. भांडं पडलं तर त्याची बायको कुसाबाई आधी पडदा सारून आत बघायची, मग भांडं उचलायची. त्यामुळे डिशवाला सनी पाठीला सॅक आणि हातात ड्रिल घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिनं त्याला आत ये म्हणण्याआधीच सांगितलं, “भोकं पाडायची नाहीत.”

“काकू, भोक कशाला? नुसता बॉक्स बदलायचाय. हर्षल सरांनी पुण्यावरून बुक केलंय. जुना रेकॉर्डर काढायचा, हा स्मार्ट बसवायचा. वायफायवर सगळं चालतं. पिक्चर, सिरीयल, भजनं. बटणं पण दाबायची नाहीत, रिमोटला तोंडानं सांगायचं.”

“तोंडानं?”

“माईक असतो त्यात.”

“या घरात माझं माणूस ऐकत नाही, रिमोट ऐकणार होय.”

सनी मोठ्यानं हसला. कुसाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. आत खाट करकरली, थांबली.

“लवकर आटप बाबा. ते उठायच्या आत निघायचं तू. मागं गॅसवाल्याला छत्रीनं मारलं त्यांनी. चोर समजले.”

सनीनं वायरी काढल्या, लावल्या. पडद्यावर निळं गोल फिरायला लागलं. “मोबाईलवर ओटीपी आला असेल बघा. तो सांगितला की जुनं कार्ड बंद, हे चालू.” तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. आकडे वाचताना कुसाबाईचं अर्धं लक्ष आतल्या खोलीच्या पडद्याकडे होतं. कार्ड बंद म्हणजे काय बंद, हे विचारायला तिला सुचलंच नाही. जुना काळा बॉक्स सॅकमध्ये टाकून सनी गेला आणि तिनं हुश्श केलं. न सांगता आलेला पाहुणा निघून गेल्यासारखं वाटलं तिला.

सावळीराम सिन्नरच्या कारखान्यात फिटर होता. नाशिकहून कंपनीच्या बसनं जायचा, यायचा, आणि गावाकडची जमीन भावाच्या नावावर गेली त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. रिटायर झाल्यावर मात्र त्यानं एक प्लास्टिकचं पिंप आणलं, गच्चीवर ठेवलं आणि त्यात द्राक्षाची वेल लावली. वेल वाढली, पाण्याच्या टाकीवर चढली, शेजारच्यांच्या कपड्यांच्या दोरीला गेली. घड मात्र एक नाही. तेव्हा एका चॅनलवर ‘बांधावरचा फोन’ लागायचा, शेतकऱ्यांनी विचारायचं आणि तज्ज्ञांनी सांगायचं. सावळीरामनं फोन लावला, आणि तो लागला. आपण फोनवर आणि आपलाच आवाज टीव्हीत, म्हणून त्यानं मुलाकडून, हर्षलकडून, तो भाग रेकॉर्ड करून घेतला. पुढे कितीतरी दिवस येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी तो बघावा लागे.

मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ता, मग कुसाबाई. दिवसभर तो ठीक असायचा. दिवेलागण झाली की मात्र अंगात काहीतरी शिरायचं. बूट घालायचा आणि दाराशी जायचा. घरी जायचंय, सिन्नरची गाडी चुकेल. हे घर नाही, ही बाई कोण. अशा वेळी कुसाबाई जुन्या बॉक्सवर ‘बांधावरचा फोन’ लावायची आणि तो बसायचा. पहिला फोन कांद्याचा, दुसरा म्हशीचा, आणि तिसरा फोन आला की तो पुढे झुकून, पापणी न हलवता ऐकायचा. स्वतःचा आवाज त्याला ओळखू यायचा नाही. ऐकून झालं की म्हणायचा, “हुशार हाय हा माणूस. बरोबर बोलतो. ह्याला एकदा भेटलं पायजे.” मग जेवायचा, झोपायचा.

ती तिसऱ्या फोनची मिनिटं म्हणजे कुसाबाईची सुट्टी. दिवसभरात तेवढाच वेळ तो हलणार नाही याची खात्री असायची. ती धावत गच्चीवरचे कपडे काढायची, कोपऱ्यावरून दूध आणायची, नाहीतर बाथरूममध्ये पाय सोडून नुसती बसायची.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी लाईट गेली, टीव्ही बंद. सावळीराम हायवेवरच्या द्वारका चौकात दुभाजकावर बसलेला सापडला. हर्षल पुण्याहून आला, बापाच्या पायाला खरचटलेलं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “आई, आता पुन्हा ते एकटे बाहेर गेले ना, तर मी गंगापूर रोडच्या त्या वृद्धांच्या केंद्रात ठेवणार त्यांना. तू रडलीस तरी ठेवणार. तुझी काय हालत झालीय ते बघ.”

म्हणजे ती वेळ निभावायची, एवढंच तिचं काम. रोज.

आज उन्हं भिंतीवरून खाली आली तशी तिनं नवा रिमोट हातात घेतला. बटणं मोजकीच होती. ‘रेकॉर्ड’ असं कुठे दिसेना. शेवटी रिमोट तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, “बांधावरचा फोन लाव.” टीव्हीनं मोबाईलची काच कशी बदलायची ते दाखवलं. ती परत म्हणाली. टीव्हीनं दुसऱ्या माणसाला आणलं, तोही काचच बदलत होता. तिनं सनीला फोन लावला.

सनी परत आला तेव्हा सावळीराम घरातल्या जिन्याच्या पायरीवर बसून एक बूट घालत होता.

“काकू, फोनवर एवढ्या काय घाबरल्या? आणलाय जुना बॉक्स. सॅकमध्येच होता.” त्यानं तो जोडला. जुनी ओळखीची यादी पडद्यावर आली, आणि यादीत ‘बांधावरचा फोन’ असं लिहिलेलं दिसलं. कुसाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“हाय की रे. लाव.”

सनीनं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि पांढरी ओळ आली. ‘या कार्डावर हा कार्यक्रम पाहता येणार नाही.’

“परत दाब.”

“दाबलं ना.”

“नीट दाब.”

“काकू, दाबण्याचा विषय नाही. डिस्कमध्ये आहे ते, पण कुलूप कार्डाचं. कार्ड दुपारी बंद झालं.”

“मग चालू कर. मी आकडे सांगते परत.”

त्यानं कंपनीत फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग कोणीतरी बोललं, सनी ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत राहिला. फोन ठेवून तो रिमोटकडे बघत म्हणाला, “जुना प्लॅन कंपनीनं काढून टाकलाय. जो उतरला त्याला परत चढता येत नाही.”

“डिस्क काढून ह्या नव्यात बसव.”

“नाही चालत. ती फक्त ह्याच बॉक्सची भाषा बोलते, आणि बॉक्स मुका झालाय. कोणता पिक्चर होता सांगा, मी इंटरनेटवर आत्ता शोधून देतो. जगातलं सगळं आहे तिथं.”

“पिक्चर नव्हता. ह्यांचा फोन होता.”

सनीला कळलं नाही. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं पायरीकडे पाहिलं आणि मग मोबाईलवर खूप काही शोधलं. ते चॅनल केव्हाच बंद पडलं होतं. “मला आधी बोलल्या असत्या ना काकू,” तो म्हणाला. “मी काढलाच नसता. खोटं सांगून गेलो असतो की घरी कोणी नव्हतं.”

“माझीच घाई होती. तू जा आता. परका माणूस दिसला की ते जास्त करतात.”

तो दारातून निघताना सावळीराम त्याला म्हणाला, “ओ पाव्हणं, सिन्नरची गाडी लागली का?”

“लागेल काका,” सनी म्हणाला, आणि आपली बाईक चालू न करताच ढकलत कोपऱ्यापर्यंत गेला.

कुसाबाईनं दार लावून कडी घातली. सावळीरामनं कडी काढली. तिनं परत घातली.

“बाई, सोडा मला. घरी वाट बघत्यात.”

“अहो, बसा तरी. कार्यक्रम लागतोय.”

“कुठं लागलाय? काळा हाय सगळा.”

लग्नानंतरच्या दिवसांत कुसाबाई सासूची नक्कल करायची, ती इतकी हुबेहूब की सावळीराम तोंडात टॉवेल कोंबून हसायचा. सुपरवायझरची करायची, सरपंचांची करायची. नवऱ्याची मात्र तिनं कधी केली नव्हती. जित्या माणसाचा आवाज बायकोनं काढायचा, ते तिला बरं वाटत नसे.

ती टीव्हीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पदर खोचला. घसा खाकरला आणि निवेदक बाईंच्या त्या लाडिक, साखर लावलेल्या आवाजात म्हणाली, “नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. पहिला फोन घेऊ या. हॅलो, कोण बोलतंय?”

सावळीरामचा हात कडीवर थांबला.

“हॅलो, मी निफाडवरून. कांद्याचे शेंडे वाळू राह्यले, म्याडम.”

“अंहं, अंहं,” ती तज्ज्ञांच्या खोकल्यासकट बोलायला लागली. कुठे ते थांबायचे, कुठे कागद चाळायचे, सगळं तिच्या जिभेवर होतं. तिला स्वतःलाच नवल वाटलं. आयुष्यात कधी पाठ न केलेलं सगळं पाठ होतं. सावळीराम येऊन खुर्चीवर टेकला, एका पायात बूट, एक पाय मोकळा.

“दुसरा फोन. बोला ताई.”

“साहेब, आमची म्हैस पान्हा सोडत नाय.”

“अंहं. ताई, मी पिकांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही.”

“मंग म्हशीला काय सांगू?”

सावळीराम हसला. रोज इथेच हसायचा. कुसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तिनं हलू दिला नाही. “आता तिसरा फोन,” ती म्हणाली. “इंदिरानगर, नाशिकहून. हॅलो.”

आणि पुढे काही नाही.

पुढचं तिला येतच नव्हतं. पहिल्यांदा एकदा ऐकलं होतं, तेवढंच. पाहुणे आले की ती चहापाशी असायची, आणि नंतर रोज या वेळी ती गच्चीवर होती, दुधाच्या रांगेत होती, बाथरूममध्ये नळ सोडून बसली होती. कांदा तिला पाठ होता, दुसऱ्याची म्हैस पाठ होती. फक्त तिचा नवराच पाठ नव्हता.

सावळीराम पुढे झुकला होता.

“हॅलो,” ती आपल्याच आवाजात म्हणाली, “आमच्या वेलीला घड येत नाहीत, साहेब.”

“बाईमाणूस नव्हतं.”

“अहो, तोच प्रश्न हाय.”

“बाईमाणूस नव्हतं फोनवर. तो माणूस कुठाय?”

“तुम्हीच सांगा ना. काय विचारलं होतं तुम्ही? सांगा, मी म्हणते तसंच.”

“मला काय म्हाईत? मी इथला नाय.” तो उठला, आणि या खेपेला त्यानं तिला बाजूला लोटलं. जोरात नाही, पण लोटलं. दार उघडून तो बाहेर पडला.

एकटे गेले तर, असं हर्षल म्हणाला होता. कुसाबाईनं चप्पल घातली, मोबाईल उचलला आणि मागे धावली. कॉलनीचे दिवे लागत होते. एका पायात बूट आणि एका पायात काही नाही असा सावळीराम हायवेखालच्या बोगद्याच्या दिशेनं सरळ चालला होता. तिनं त्याचा सदरा मागून मुठीत धरला.

“कुठं निघालात?”

“त्या माणसाला भेटाया.”

“मी बी येते.”

“तुम्ही कोण?”

“शेजारीण,” ती म्हणाली.

बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची झुंबड होती. हॉर्न आत शिरून दुप्पट होऊन बाहेर येत होते. तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन वाजला. हर्षल. नाही उचलला तर तो शेजाऱ्यांना लावणार, ते दार ठोठावणार.

“आई, कसा आहे नवीन बॉक्स?”

“झकास आहे.”

“बाबा?”

“बसलेत. बघतायत.”

“हॉर्न कसले वाजतायत?”

“टीव्हीतच. लय मोठा आवाज आहे ह्याचा.”

“बाबांना दे ना एक मिनिट.”

सावळीरामनं सदरा ओढला. त्याचा एक पाय फुटपाथवरून खाली उतरला, आणि एक रिक्षा शिवी देत वळली. दोन्ही बाजूंनी कोणीतरी तिला फाडत होतं. कुसाबाईनं डोळे मिटले, हनुवटी छातीला लावली आणि पोटातून, कारखान्याच्या धुरानं थोडा घोगरा झालेला, शब्द चावून बोलणारा तो आवाज काढला.

“हां. बोल रे हर्षल.”

आणि तिच्या मुठीतला सदरा सैल पडला.

सावळीराम वळला होता. डोकं तिरकं करून, तोंड किंचित उघडं ठेवून तो तिच्याकडे बघत होता, रोज टीव्हीकडे बघायचा तसा.

“बाबा?” हर्षल म्हणाला. “आज किती स्पष्ट बोलताय. जेवलात का?”

“जेवलो. तू जेवलास का?”

“बरोबर बोलतो,” सावळीराम मोठ्यानं म्हणाला, फोनच्या अगदी जवळ येऊन. “हुशार हाय हा माणूस.”

मग हर्षलचा आवाज, बदललेला. “आई? हे आत्ता कोण बोललं? आई, तुम्ही कुठे आहात?”

तिनं आता आपल्या आवाजात उत्तर दिलं तर सावळीराम परत निघणार, बोगद्यातून पलीकडे, द्वारकेला, कुठेही. नाही दिलं तर पुण्याहून गाडी आत्ता निघणार, आणि उद्या सकाळी केंद्रासाठी बॅग भरायची. तिला दोन्ही स्पष्ट दिसत होतं.

तिनं सावळीरामचा हात धरला आणि फोन तसाच चालू ठेवून, त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, “साहेब, माझी एकच वेल हाय. गच्चीवर, पिपात.”

सावळीराम फुटपाथच्या कडेवर बसला, बूट नसलेला पाय जवळ ओढून. “मंग?” तो म्हणाला.

“मंग काय साहेब. पानं लय येत्यात.”

“आई,” फोन म्हणत होता. “आई, बोल ना.”