लिबियाची तयारी

मला राग लवकर येतो, पण त्याला शोभेल असं उत्तर फार उशिरा सुचतं. समोरचा माणूस घरी जाऊन, जेवून झोपला की मग माझ्या तोंडात ते तयार होतं. त्यामुळे माझ्या रागाने आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही. बिघडलं ते माझंच पोट. दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी मात्र मी रागाच्या भरात भलतंच बोलून बसलो. घरच्यांसमोर म्हणालो, "मी जातो लिबियाला!"

लिबिया कुठे आहे हे आमच्या शहापुरातल्या गल्लीत मला एकट्याला ठाऊक होतं, कारण मी शाळामास्तर. नकाशावर छडी टेकवून मी पोरांना सहाराचं वाळवंट शिकवायचो. स्वतः मिरजेच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. निपाणीला मामांकडे जायचं तरी वंटमुरीच्या घाटात मोटार थांबवून मला रस्त्याकडेला उतरवावं लागे, आणि आतले लोक नाकाला पदर-धोतर लावून बसत.

घर आमचं विणकराचं. माझे हात विणायला निकामी निघाले म्हणून मला शाळेत घातलं. चांगले हात धाकट्या भावाला मिळाले. लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं. ज्या सरकारने सूत आवळलं, त्याच सरकारने भरतीचं टेबल मांडलं. घरात चूल पेटायला हवी म्हणून धाकटा पलटणीत गेला. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं. जाताना म्हणाला, "आलो की पुरं करतो. कुणी हात लावू नका."

आमच्यात रीतच तशी. एका लुगड्याला एकच हात. आडवं सूत घट्ट बसवायला फणी ओढतात, पण दोन माणसांचा तिचा ठोका सारखा पडत नाही. मध्येच हात बदलला की कापडावर आडवी रेघ उमटते, आणि व्यापारी ती नेमकी बोटाने शोधून काढतो.

पुढे तार आली. धाकटा लिबियात लढताना पडला. मी वाचून दाखवली. आईने विचारलं, "कुणी बघितलं?"

"सरकार कळवतंय, आई."

"सरकार सूत बी देतो म्हणालंतं."

दुसऱ्या दिवशी वर्गात छडी लिबियावर इतक्या जोरात आपटली की नकाशाला तिथे भोक पडलं. ते अजून आहे.

लढाई संपली, पलटणी परतल्या, तरी आई मागाला हात लावू देईना. रोज फडक्याने ताण्याच्या उभ्या सुतांवरची धूळ झाडायची. आणि धाकट्याची बायको, घरात माग असताना, दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. एक दिवस ती आईला म्हणाली, "आत्ती, हे कापूया. नवा ताणा सांधू. मी विणते."

"बाईमाणूस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत न्हाय," आई म्हणाली. "आणि त्याचं लुगडं कापायचं न्हाय. घरच्या कुणीतरी जाऊन त्याची जागा डोळ्यांनी बघून यावं. मग काय कापायचं ते कापा."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. सरकारवरचा, आईवरचा, माझ्या नालायक हातांवरचा सगळा राग एकदम वर आला, आणि त्या रागात मी लिबियाला जाहीर निघालो.

मग तयारी. निपाणीहून मामा आले. त्यांची तंबाखूची वखार, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचा एकच इलाज. "अर्धं पोतं संगट ने. अरबाला चिमूटभर दिलीस की उंटावर बसवून थेट जाग्याला सोडतोय बघ."

"मामा, मला मोटार लागते. उंट लागणार नाही कशावरून?"

"उंटाला घाट नसतोय रं!"

आईने दशम्या करायला घेतल्या. मी वळकटी बांधली, छत्री घेतली. वाळवंटात छत्री कशाला, असं मामांनी विचारलं, तर मी ऊन कसं असतं ह्यावर त्यांना अख्खा धडा ऐकवला. एवढं झाल्यावर, परदेशी जायला परवानगी लागते ही किरकोळ गोष्ट आठवली, आणि मी कॅम्पातल्या सरकारी कचेरीत गेलो.

तिथला कारकून पान लावत होता. "व्यापाराला जाताय?"

"नाही. भाऊ तिथे पडला. जागा बघायची आहे."

"लढाई संपली, मास्तर. आता तिथं तुमचं काय काम?"

मी नमस्कार करून बाहेर पडलो. चक्क नमस्कार! खडेबाजारापर्यंत चालत आलो तेव्हा उत्तर सुचलं: लढाई चालू होती तेव्हा तरी माझ्या भावाचं तिथं काय काम होतं? रस्त्यात उभा राहून ते मोठ्याने म्हटलं. एक टांगेवाला दचकला, एवढाच त्याचा परिणाम.

मग बेळगुंदीला गेलो. धाकट्याच्या शेजारी लढलेला एक शिपाई तिथे परत येऊन शेती करत होता. त्याने बांधावर बसवून घेतलं. "पुरून वर दगड रचलंतं आमी, अण्णा. पर वारं सुटलं की वाळू जागा बदलती. आज टेकडी हितं, उद्या तितं. आमालाच दुसऱ्या दिशी घावलं न्हाय."

हे घरी कसं सांगायचं? मी सांगितलंच नाही. उलट, कचेरीत पुन्हा अर्ज करतो, मुंबईला जातो, साहेबाला भेटतो, असं तावातावाने बोलत राहिलो. शाळेतला नकाशा घरी आणून पसरला होता. धाकट्याच्या बायकोने हातातली कांडी त्यावर आपटली.

"बास करा, अण्णा! तुमी जाऊन येईपतोर मी दुसऱ्याच्या कांड्या भरत बसू? तुमाला राग आला की तुमी नकाशा बघताय. मला राग आला तर मी कुटं बघू?"

आणि ती उठली, पदर खोचला, सरळ मागाच्या खड्ड्यात उतरली. तिने काही कापलं नाही. आडव्या सुताचा धोटा उचलून उभ्या धाग्यांतून सोडला आणि फणी ओढली. घरात तो ठोका इतक्या वर्षांनी वाजला.

"उठ," आई म्हणाली.

"न्हाय उठत."

"तुला कुणी शिकवलं?"

"तुमी बाजाराला गेला की त्योच बसवायचा मला. म्हणायचा, आत्तीला सांगू नको."

आई उभीच राहिली. मग मागाजवळ खाली बसली. कान देऊन ठोका ऐकू लागली.

"ठोका लई जोरात पडतोय तुझा. त्याचा हलका होता."

"व्हय. मी रागात हाय."

"मग रागातच विण," आई म्हणाली. "पर सारखं विण."

लुगडं पुरं झालं. मी ते पेठेत घेऊन गेलो. व्यापाऱ्याने उलगडून बोट फिरवलं, मधोमध थांबवलं. "मास्तर, दोन हात लागलेत ह्याला. खराब माल."

"दोनच लागलेत," मी म्हणालो. "त्यातला एक कुठं पुरलाय ते सरकारला विचारा. आणि ह्याला खराब म्हणायचं असेल तर दुकानाबाहेर येऊन म्हणा!"

बाजार थबकला. जन्मात पहिल्यांदाच उत्तर जागेवर सुचलं होतं, आणि ते देऊन मी लुगडं काखोटीला मारून घरी आलो.

मागावर नवा ताणा सांधायचं काम चाललं होतं. जुन्या सुताचं एकेक टोक नव्याला जोडून धाकट्याची बायको पीळ देत होती, आई टोकं वेगळी करून तिच्या हातात देत होती. मी लुगडं पुढे ठेवलं. आईने रेघ शोधली. रेघेच्या अलीकडे, धाकट्याने विणलेल्या भागावर, तळहात ठेवला.

"वळकटी सोड तुझी," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "दशम्या वाळल्यात, त्या म्हशीला घाल. निपाणीपतोर जाता येत न्हाय, निघालाय लिबियाला."