बाटली फुटली, मॅडम

सांगलीहून महाबळेश्वरच्या वाटेवरच्या एका जॅमच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून आले, तेव्हा स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात होता. हाताखाली वीसेक बायका. मी आत पाय टाकला की त्यांच्या गप्पा बंद व्हायच्या, नुसता बाटल्यांचा किणकिणाट उरायचा. ती शांतता मला खायची. मी उगाच फेऱ्या मारायचे, तपासलेली झाकणं पुन्हा तपासायचे. आधीचा सुपरवायझर जिची चूक होईल तिला सगळ्यांसमोर उभी करायचा, एवढं कानावर आलं होतं.

एका सकाळी मीही दम दिला. "टोपी नसेल तर आत यायचं नाही. एक केस सापडला तर अख्खा माल परत येतो."

मग फळं निवडणारी एक वयस्कर मावशी हळूच म्हणाली, "आवं मॅडम, आन् तुमची टोपी?"

माझा हात डोक्याकडे गेला. नुसते केस! कानशिलं तापली. ओरडावं असंही वाटलं. पण तोंडून निघालं, "मला वाटलं, सुपरवायझर झालं की केस गळायचे थांबतात."

मावशी फिस्सकन हसली, मग सगळी रांग हसली. मी बाहेर जाऊन टोपी घालून आले आणि दारातूनच विचारलं, "येऊ का आता?"

"या, पर ती बट आत घाला आदी," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मला त्यांच्यात जागा मिळू लागली. तरी माझी धाकधूक जाईना. हसतात, पण हातून चूक झाली तर सांगतील का?

हंगाम उतरणीला लागला होता. एका दुपारी माल न्यायला गाडी यायची होती. बाटल्या भरणारी एक तरुण बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नवरा फौजेत, बोलणं मोजकं.

"मॅडम, बाटली फुटली माज्या हातनं. काचा गोळा केल्या, पर एक तुकडा गावंना. कुणी बघितलं न्हाई."

मी बाटल्यांचा सरकता पट्टा थांबवला. आसपासच्या भरलेल्या बाटल्या, कढईतला गरम जॅम, सगळं टाकून द्यायला लावलं. मालकांना फोन केला.

"कुणी फोडली?"

"माझ्या शिफ्टमध्ये फुटली."

"नाव विचारतोय मी."

"माझंच धरा."

त्यांनी फोन आपटला. पुढे तासाभरानं फरशी धुताना तो तुकडा यंत्राच्या पायाशी सापडला. जॅममध्ये तो पडलाच नव्हता. ती बाई रडायला लागली, "उगंच सांगितलं म्या."

"उद्या फुटली तरी सांगशील?" मी विचारलं.

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "सांगीन. पर तुमी हितंच असला तर."

मालक आले, दोन दिवस धुसफुसले. माझी नोकरी राहिली, तिचीही. आता नळ गळला, बोट कापलं, झाकण सैल वाटलं, तरी हाक येते. आणि एखादा दिवस बिनहाकेचा गेला, की माझा पाय एका जागी ठरत नाही. मी रांगेतून फिरत विचारत राहते, "सगळं ठीक ना गं?"


"व्हय की," मावशी म्हणते. "बसा की जरा, मॅडम."

मला बसवत नाही.